श्रावणबाळाचे नाव, दशरथाचा बाण

महाराष्ट्र शासनाने निराधार वृद्धांच्या निवृत्तीवेतन योजनेला श्रावणबाळाचे नाव दिले. नाव देणाऱ्यांनी ती गोष्ट अर्धीच ऐकलेली दिसते. श्रावणबाळाने आंधळ्या आई-बापांना कावडीत बसवून वाहिले, एवढेच त्यांच्या लक्षात राहिले. पण त्याच गोष्टीत राजा दशरथ आहे. त्याने न पाहता, नुसत्या आवाजावर बाण सोडला. त्या बाणाने श्रावणबाळ मेला आणि पाण्याची वाट पाहणारे म्हातारे आई-बापही गेले. राजाच्या मनात वाईट नव्हते, असे कथा सांगते. आज घाटंजी, केळापूर, झरी जामणी, आर्णी, महागाव या तालुक्यांतील वृद्ध शेतमजुरांवर शासनाचा बाण असाच चालतो. योजना त्यांच्यासाठी, पैसा त्यांच्या नावाने, पण यादीतून नाव कापले जाते ते त्यांच्याकडे न पाहता!

हे वृद्ध कोण आहेत? यवतमाळ जिल्ह्याला कापसाचा जिल्हा म्हणतात. पण ज्यांनी हा कापूस निंदला, वेचला, गाड्यांत भरला त्यांच्यापैकी बहुतेकांच्या नावावर सातबारा नाही. बौद्ध, मातंग, कोलाम, पारधी, भटके, गरीब कुणबी-तेली अशी ही माणसे. दादासाहेब गायकवाडांनी १९५९ आणि १९६४ साली भूमिहीनांचा सत्याग्रह केला तो यांच्यासाठीच. जमीन मिळाली नाही, आणि मजुराला निवृत्तीचे वय नसते. हात चालेपर्यंत काम, हात थांबला की उपासमार. अशा माणसाला म्हातारपणी शासनाने आधार द्यावा ही मेहरबानी नव्हे. भारतीय संविधानाच्या ४१ व्या अनुच्छेदात वृद्धापकाळातील सरकारी साहाय्याचा स्पष्ट उल्लेख आहे.

शासन म्हणेल, आम्ही देतोच आहोत. खरे आहे, देतात. १९८० साली अंतुले मुख्यमंत्री असताना संजय गांधी निराधार अनुदान योजना आली. १९९५ साली केंद्राने राष्ट्रीय वृद्धापकाळ निवृत्तीवेतन सुरू केले तेव्हा महिन्याला ७५ रुपये होते. २००७ साली योजनेला इंदिरा गांधींचे नाव मिळाले. ऐंशीच्या आतल्या वृद्धासाठी केंद्राचा वाटा तेव्हा २०० रुपये होता आणि पुढची पंधरा वर्षे उलटूनही तो २०० च राहिला. राज्याने श्रावणबाळ योजनेची रक्कम ६०० वरून २०१९ साली १,००० आणि २०२३ साली १,५०० केली. म्हणजे दिवसाला पन्नास रुपये. रकमेबद्दल आम्ही पुन्हा केव्हातरी लिहू. आज आमचा प्रश्न वेगळा आहे. हे पन्नास रुपये देण्याच्या नावाखाली शासन त्या म्हाताऱ्या माणसाचे काय करते?

पहिला बाण उत्पन्नाच्या अटीचा. दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव नसेल तर कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१ हजार रुपयांच्या आत हवे. दारिद्र्यरेषेची यादी २००२ सालच्या सर्वेक्षणावर उभी आहे. २०२४ साली पासष्टीला पोचलेला माणूस तेव्हा त्रेचाळीस वर्षांचा, कमावता होता. त्या यादीत नाव नाही म्हणून तो आजही गरीब नाही काय? आणि २१ हजार म्हणजे तरी किती? सगळ्या कुटुंबाचे मिळून दिवसाला साडेसत्तावन्न रुपये. २०२४-२५ साली महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला २९७ रुपये होती. कायद्याने तेव्हा कबूल केलेले शंभर दिवसांचे काम घरातल्या मुलाने केले तर २९,७०० रुपये होत. एकाहत्तराव्या दिवशीच ते घर २१ हजारांची मर्यादा ओलांडते. म्हणजे शासनाने एक कायदा पाळला की दुसऱ्या योजनेतून म्हातारी बाद!

यातून मार्ग काय निघतो ते प्रत्येक तलाठ्याला, प्रत्येक सेतू केंद्राला आणि तहसीलसमोर बसलेल्या प्रत्येक दलालाला ठाऊक आहे. दाखल्यावर २१ हजारांच्या आतला आकडा लिहिला जातो. शासनाने अशी अट घातली की ती खरे बोलून पाळता येत नाही, आणि मग तोच आकडा पुढे करून पडताळणीच्या वेळी त्या वृद्धाला ‘बोगस लाभार्थी’ ठरविले जाते. खोटे कोण बोलले? निरक्षर म्हातारीने कोऱ्या फॉर्मवर अंगठा दिला होता. आकडा लिहिणारा वेगळा आणि शिक्का मारणाराही वेगळा.

याच शासनाने २०२४ साली मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजना आणली. तेथे कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख रुपये आणि रक्कम तीच, १,५००. वयाची मर्यादा मात्र ६५ वर्षे. चौसष्ट वर्षांची एखादी मजूर बाई साठ हजार उत्पन्नाच्या घरात राहते. ती शासनाची लाडकी बहीण आहे. ६५ वर्षे पूर्ण होताच ती या योजनेतून बाहेर पडते आणि श्रावणबाळाच्या दारात उभी राहते. तेथे अट २१ हजारांची. काल जी पात्र होती ती आज अपात्र! एका वर्षाने म्हातारी झाली म्हणून ती श्रीमंत झाली काय? निवडणुकीच्या तोंडावर अडीच लाखांपर्यंत ताणली जाणारी मर्यादा म्हाताऱ्यांसाठी २१ हजारांवरच का अडते, याचे उत्तर राज्यकर्त्यांनी द्यावे.

दुसरा बाण पुराव्याचा. दरवर्षी हयातीचा दाखला द्या. आधार जोडा, मोबाइल जोडा. २०२४ च्या अखेरीपासून पैसे थेट खात्यावर पाठविण्याच्या नव्या पद्धतीत या जोडणीला आणखी महत्त्व आले. मधला दलाल टळावा हा हेतू चांगला आहे, आम्ही त्याला विरोध करीत नाही. पण झरी जामणीतल्या एखाद्या कोलाम पोडावरची आजी घ्या. चाळीस हंगाम कापूस वेचून, बोंडांच्या टोकांनी सोलून तिच्या बोटांवरच्या रेषा पुसल्या गेल्या आहेत. यंत्र म्हणते, ठसा जुळत नाही. ज्या कष्टाने तिला आधाराची गरज पडली त्याच कष्टाने तिचा पुरावा पुसला! मग पोडावरून तालुक्याला जाण्याचे भाडे, सोबत येणाऱ्या नातवाची बुडालेली मजुरी, झेरॉक्स, केंद्रचालकाचे पैसे. दोन-तीन खेटे झाले की महिन्याच्या दीड हजारांतले हाती काय उरते? आणि नाव कापले गेले तर तिला साधी नोटीससुद्धा अनेकदा मिळत नाही. पासबुकावर नोंद करायला गेली की कळते, पैसे येणे थांबले आहे.

हे केवळ यवतमाळचे दुखणे नाही. ओडिशातील नबरंगपूर जिल्ह्यात एप्रिल २०२३ मध्ये सत्तरीतली एक दलित वृद्धा मोडक्या खुर्चीचा आधार घेत, अनवाणी, बँकेकडे जाताना देशाने पाहिली. तिच्या बोटांचे ठसे जुळत नव्हते. हरियाणातील रोहतक जिल्ह्यात १०२ वर्षांच्या एका आजोबांना कागदावर मृत ठरवून त्यांचे निवृत्तीवेतन बंद केले गेले. सप्टेंबर २०२२ मध्ये त्यांनी नवरदेवासारखी वरात काढून आपण जिवंत असल्याचे सरकारला दाखविले. लोक हसले. आम्हाला हसू आले नाही. शंभरी ओलांडलेल्या माणसाला जिवंत असल्याचा पुरावा बँड लावून द्यावा लागतो आणि कागदावर त्याला मारणाऱ्याला पुरावा द्यावा लागत नाही, ही लोकशाही व्यवस्थेची शोभा नव्हे.

कायदा काय सांगतो? अन्न अधिकाराच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २८ नोव्हेंबर २००१ रोजी आदेश दिला की वृद्धांचे निवृत्तीवेतन दर महिन्याच्या ७ तारखेपर्यंत द्यावे. आधारच्या खटल्यात २६ सप्टेंबर २०१८ रोजी घटनापीठाने आधारची अट कायम ठेवली, पण ठसा जुळला नाही म्हणून खरा हक्कदार वंचित राहता कामा नये हेही नोंदविले. त्याआधी, २४ ऑक्टोबर २०१७ रोजी, आधार प्राधिकरणानेच परिपत्रक काढून ठसा न जुळल्यास दुसऱ्या मार्गाने ओळख पटवून लाभ देण्यास सांगितले होते. १३ डिसेंबर २०१८ रोजी अश्वनी कुमार खटल्यात वृद्धांच्या सन्मानाने जगण्याच्या हक्काला न्यायालयाने संविधानाचा आधार दिला आणि निवृत्तीवेतनाच्या योजना पुन्हा तपासण्यास केंद्राला सांगितले. बाजू ऐकून घेतल्याशिवाय कोणाचाही हक्क काढून घेता येत नाही, हे तर कायद्याच्या पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही सांगेल. मग नोटीस न देता नाव कापणारा अधिकारी कोणत्या कायद्याने वागतो?

खरी गोम योजनेच्या नावातच आहे. श्रावणबाळ म्हणजे मुलाचे कर्तव्य. शासन त्या मुलाची भूमिका घेते आणि जे देईल ते उपकार म्हणून देते. तथागतांनीही सिगालाला उपदेश करताना आई-वडिलांचा सांभाळ हे मुलाचे कर्तव्य सांगितले, ते आम्ही मानतो. पण कर्जाने पिचलेल्या, स्वतःच मजुरीवर जगणाऱ्या मुलाकडे बोट दाखवून शासनाला आपली जबाबदारी झटकता येणार नाही. १९८२ साली नकारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की निवृत्तीवेतन ही मालकाच्या मर्जीची बक्षिसी नव्हे, केलेल्या सेवेचा तो हक्क आहे. तो निकाल सरकारी नोकरांचा होता. पण पन्नास वर्षे या देशाचा कापूस वेचणाऱ्या बाईने देशाची सेवा केली नाही, असे कोण म्हणेल?

येथे चळवळीतील नोकरदार बांधवांशीही स्पष्ट बोलणे भाग आहे. मार्च २०२३ मध्ये जुन्या पेन्शनसाठी राज्यभर संप झाला. मागणी रास्त होती. पण त्याच नोकरदाराची गावातली मावशी, चुलती श्रावणबाळाच्या रांगेत उभी होती. तिच्यासाठी किती संघटनांनी निवेदन दिले? १८ मार्च १९५६ रोजी आग्रा येथे बाबासाहेबांनी शिकलेल्यांबद्दल जी व्यथा बोलून दाखविली ती १४ एप्रिलच्या भाषणात सांगण्यापुरती राहू नये.

आमच्या मागण्या साध्या आहेत. उत्पन्नाची मर्यादा निदान लाडकी बहीण योजनेइतकी करा. लेखी नोटीस आणि घरी जाऊन चौकशी केल्याशिवाय एकही नाव कापू नका. हयातीची खात्री कर्मचाऱ्याने वृद्धाच्या दारात येऊन करावी. चुकून नाव कापले असेल तर थकबाकीसह पैसे द्या आणि कापणाऱ्याची जबाबदारी ठरवा. वगळलेल्यांची यादी, कारणांसह, ग्रामसभेत वाचा.

आणि शासनाची वाट पाहत बसू नये. प्रत्येक विहारात महिन्यातला एक रविवार वृद्धांच्या कागदपत्रांसाठी ठेवता येईल. नाव का कापले हे माहिती अधिकारात विचारता येते. अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीला आणि कोणत्याही महिलेला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, हा १९८७ च्या कायद्याचा हक्क आहे. त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा. एका म्हातारीचा अर्ज फाइलखाली दबतो. पण एका तालुक्यातील पाचशे अर्ज एकाच दिवशी, पोच घेऊन, तहसीलच्या टेबलावर पडले तर ते दाबता येत नाहीत. अर्जदाराकडे न पाहता बाण सोडण्याची सवय लागलेल्या शासनाला मान वर करून पाहायला लावणे, एवढे काम आपल्या हाती आहे. ते येत्या रविवारपासून सुरू करू या. जयभीम!