वरण-भाताचे खरे मोल

मॉरिशसमधील आपल्या मराठी घरांत वरण-भात नेहमीचा. पण नेहमीचा म्हणूनच की काय, मुलांना तो आजाऱ्याचे जेवण वाटू लागला आहे. ताटात वरण उरते आणि पाकिटातील शेवया संपतात. अशा वेळी अमेरिकेकडे पाहणे बोधप्रद ठरेल.

तेथे वॉशिंग्टन आणि आयडाहो राज्यांच्या सीमेवरील पलूज प्रदेशात मसूर मोठ्या प्रमाणावर पिकतो. पुलमन गावी १९८९ पासून मसुराचा उत्सवही भरतो. १९७१ साली फ्रान्सिस मूर लापे या लेखिकेने 'डाएट फॉर अ स्मॉल प्लॅनेट' हे पुस्तक लिहून, मांसाशिवायही पुरेशी प्रथिने मिळतात, हे अमेरिकन वाचकांना पटवले. डाळीत लायसिन भरपूर, मेथिओनिन कमी. भाताचे नेमके उलट. दोन्ही मिळून उणीव भरून निघते. ती एकाच जेवणात खाल्ली पाहिजेत हा आग्रह मात्र लेखिकेने पुढे १९८१ च्या आवृत्तीत सोडला. डिसेंबर २०२४ मध्ये तेथील सरकारी आहार सल्लागार समितीनेही डाळी व कडधान्ये अधिक खाण्याची शिफारस केली.

वाचकहो, यावरून केवळ अभिमान बाळगून भागणार नाही. सालासह शिजवलेल्या सुमारे २०० ग्रॅम मसुरातून १८ ग्रॅम प्रथिने, १५ ग्रॅम तंतू आणि ६ मिलिग्रॅमहून अधिक लोह मिळते. हे आकडे घट्ट शिजलेल्या मसुराचे आहेत. भाताच्या ढिगावर पळीभर पाणीदार वरण ओतले, तर त्यातले थोडेच पोटात जाते. उरतो तो भात. २०२१ च्या पाहणीत मॉरिशसमधील प्रौढांपैकी सुमारे पाचांत एक मधुमेही आढळला. म्हणून हे प्रमाण प्रत्येक घराने तपासले पाहिजे.

उपाय खर्चाचा नाही. भात थोडा कमी घ्यावा, वरण दाट करावे. आठवड्यातून दोनदा तरी अख्खा मसूर किंवा मूग शिजवावा. वर लिंबू पिळावे, कारण त्यातील क जीवनसत्त्वामुळे डाळीतील लोह अंगी लागते. जेवणावर लगेच चहा मात्र घेऊ नये. तो या लोहाला अडवतो.

आणि मुलांना नुसते "खा" म्हणू नये. डाळ निवडायला, फोडणी द्यायला जवळ बसवावे, ती का खायची हे सांगावे. स्वतः रांधलेले वरण मूल सहसा ताटात टाकत नाही.