सायकल दिली, वाट कुठाय?

सायकलीचा विषय काढला की खेड्यापाड्यांत उत्तर ठरलेलं : "आता सायकल कोण चालवतंय? दारोदार मोटारसायकली आल्यात." असं म्हणणाऱ्याच्या हिशेबातून शाळेची लेकरं सुटलेली असतात. सोळा वर्षांखालच्यांना कसलाच वाहन परवाना मिळत नाही, गिअरच्या गाडीला अठरा पूर्ण लागतात. आठवीतल्या मुलीला परवडेल आणि कायद्याने चालवता येईल असं वाहन म्हणजे सायकल. सरकारलाही हे पटलेलं आहे. मानव विकास कार्यक्रमातून 125 मागास तालुक्यांत, शाळेपासून पाच किलोमीटरच्या आत राहणाऱ्या आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकलीसाठी पैसे मिळतात. 2022 साली ती रक्कम पाच हजार झाली. सायकल मिळाली, पण तिच्यावर बसून सुखरूप शाळेत पोचायची वाट त्या पैशात येत नाही.

तेरखेड्याचंच पाहा. सोलापूर-धुळे महामार्गावरचं हे गाव. चौपदरी रस्ता, भरधाव मालट्रक, आणि त्यांच्याच कडेने दप्तर अडकवलेली सायकल.

यावर दुसरा आक्षेप येतो : सायकलवाले उलट्या बाजूने येतात, दोष त्यांचाच. उलटं येणं धोक्याचं आहे, हे मला मान्य आहे. पण दुभाजकातली ओलांडायची फट दूर असेल तर ते जास्तीचं अंतर मोटारवाल्याला दोन मिनिटांचं पडतं. सायकलवाल्याला ते उन्हात, चढावर, मांड्यांच्या जोरावर काटायचं असतं. जिथे सरळ जाणं इतकं महाग, तिथे माणूस आडवाटेने जाणारच. ती फट कुठे ठेवायची, हे सायकलवाल्याने ठरवलेलं नसतं.

"जपून चालवा" एवढा उपदेश पुरेसा नाही, हे तेरखेड्याला तरी पटायला हवं. फटाक्यांसाठी ओळखलं जाणारं हे गाव. दारूकामात कारागीर जपतोच. तरीही दोन शेडमध्ये अंतर किती, एका खोलीत माणसं किती, माल किती, हे कायद्याने बांधून दिलेलं असतं. हात चुकणार, हे धरूनच ती मांडणी असते. एका ठिणगीने सगळंच जाऊ नये, एवढ्यासाठी. रस्त्यावर मात्र बारा-तेरा वर्षांच्या पोरीने एकदाही चुकू नये, अशी आपली अपेक्षा! वेग दुप्पट झाला की धडकेचा जोर चौपट होतो. 2022 मध्ये देशात रस्त्यांवर 1,68,491 माणसं गेली, त्यांत साडेचार हजारांहून जास्त सायकलवर होती. ही सगळी बेशिस्त होती, असं कोण म्हणेल?

पैसा नाही, ही सबब चौपदरी रस्त्याच्या कडेला उभं राहून देता येत नाही. मागणं तरी केवढं? गावाच्या हद्दीत दोन्ही बाजूंना सलग सेवारस्ता, त्यावर ताशी तीसच्या आत वेग, शाळेच्या वाटेवर ओलांडायची जागा, तिथे दिवा, आणि कडेला ट्रक उभे करायला मनाई. मोटार वाहन कायद्याच्या 2019 च्या दुरुस्तीतलं कलम 198 अ सांगतं की, रस्त्याच्या रचनेत वा देखभालीत ठरलेले निकष न पाळल्याने कुणी दगावलं किंवा अपंग झालं, तर जबाबदार यंत्रणेला आणि ठेकेदाराला एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. म्हणजे दोष रस्त्याचाही असतो, हे आता कायद्यातच लिहिलेलं आहे.

तेव्हा येत्या ग्रामसभेत ठराव घ्यावा. शाळेत सायकलीवर किती मुलं येतात, कुठून येतात, महामार्ग कुठे ओलांडतात, हे मुलांकडूनच नकाशावर काढून घ्यावं आणि तो नकाशा ठरावाला जोडून जिल्हा रस्ता सुरक्षा समितीकडे धाडावा. ओलांडायच्या जागेवर बोट त्या मुलामुलींनीच ठेवावं.