वाट वाकडी करण्याजोगे

रायपूरच्या जुन्या वस्तीत, कंकाली तलावाच्या आसपास पसरलेला ब्राह्मणपारा हा मराठी माणसाला परका वाटू नये असा मोहल्ला आहे. नागपूरकर भोसल्यांच्या राजवटीत, विशेषतः बिंबाजी भोसल्यांच्या काळापासून छत्तीसगडात आलेली मराठी कुटुंबे या भागात आणि शेजारच्या तात्यापारा, बूढापारा या वस्त्यांत पिढ्यान्‌पिढ्या नांदली. घराबाहेर हिंदी आणि छत्तीसगढी, घरात मराठी, असा त्यांचा संसार. दिवाळीनंतरच्या सुट्टीत किंवा लागून आलेल्या दोन-तीन रजांच्या दिवसांत इथल्या गल्ल्यांतून पहाटेच मोटारी बाहेर पडतात आणि धमतरीचा रस्ता धरतात. पुढे कांकेर, केशकाल, कोंडागाव आणि जगदलपूर. शेवटी चित्रकोटचा धबधबा. मागच्या आसनावर धपाटे, दशम्या, चिवडा आणि लोणच्याची बरणी असते. दोन दिवसांनी मोटार परत येते, धबधब्याची छायाचित्रे नातेवाइकांना दाखवली जातात आणि सहल उत्तम झाली असे सगळेच म्हणतात.

सहल उत्तम होतेही. परंतु जगदलपूरपर्यंतचा सुमारे तीनशे किलोमीटरांचा प्रदेश ओलांडताना त्या प्रदेशाचे काय जिभेवर आले, असे विचारले तर उत्तर अवघड होते. घरचा डबा घरीही खाता आला असता आणि महामार्गावरच्या ढाब्यावरची पनीरची भाजी देशात कुठेही तशीच मिळते. डोळ्यांनी बस्तर पाहिले, जिभेला मात्र त्याचा पत्ताच लागला नाही.

यात दोष डब्याचा नाही. प्रवासात घरचे अन्न नेण्याची रीत शहाणपणाची आहे. तिच्यामागे आरोग्य आहे, काटकसर आहे आणि पूर्वीच्या सोवळ्याचाही थोडा वारसा आहे. प्रश्न वेगळाच आहे. हेच कुटुंब उद्या फ्रान्सच्या सहलीवर गेले, तर तिथल्या खेड्यातले चीज कोणत्या गावचे, द्राक्षरस कोणत्या टेकडीवरचा, हे कौतुकाने विचारते. परदेशात जे कुतूहल सुसंस्कृतपणाचे लक्षण ठरते, तेच आपल्या दारापासून निघणाऱ्या रस्त्यावर का गळून पडते?

फ्रान्सच्या ग्रामीण रस्त्यांची कीर्ती केवळ निसर्गाने दिलेली नाही, हे प्रथम लक्षात घ्यायला हवे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फायलोक्सेरा या किडीने तिथले द्राक्षमळे उजाड केले. त्यानंतर भेसळीचा सुळसुळाट झाला आणि १९११ मध्ये शाँपेन प्रांतातील शेतकऱ्यांनी दंगली केल्या. त्या हलाखीतून मार्ग काढता काढता १९३५ मध्ये कायदा आला: ज्या मातीत जे पिकते व जिथल्या पद्धतीने जे बनते, त्यालाच त्या गावाचे नाव लावता येईल. १९३७ मध्ये बर्गंडीत आणि १९५३ मध्ये अल्सासमध्ये मद्यमार्ग आखले गेले. अल्सासचा मार्ग सुमारे १७० किलोमीटरांचा असून तो द्राक्षमळ्यांच्या गावागावांतून जातो. दुसऱ्या महायुद्धानंतर खेडी ओस पडू लागली, तेव्हा शेतकऱ्यांच्या रिकाम्या घरांची डागडुजी करून तिथे पाहुणे उतरवण्याची योजना निघाली. १९५५ मध्ये तिची राष्ट्रीय संघटना झाली. मोटारीचे टायर विकणाऱ्या मिशेलिन कंपनीने १९०० मध्ये प्रवाशांसाठी पुस्तिका काढली आणि १९२६ पासून ती उपाहारगृहांना तारे देऊ लागली. त्यातील दोन ताऱ्यांचा अर्थ मराठीत नेमका सांगता येतो: इथे जेवण्यासाठी वाट वाकडी करावी.

म्हणजे नाव, कायदा, मुक्कामाची सोय आणि विश्वासार्ह माहिती या चार गोष्टी माणसांनी जाणीवपूर्वक जुळवल्या. या चारही गोष्टी बस्तरच्या रस्त्यावर जुळवता येतील. कारण ज्यासाठी त्या जुळवायच्या, ती समृद्धी इथे आधीच आहे.

धमतरीजवळ महानदीवरचे गंगरेल धरण लागते. ही नदी उगम पावते तीही याच जिल्ह्यात, सिहाव्याच्या डोंगरात. कांकेरनंतर केशकालचा घाट येतो. त्याची बारा वळणे चढताना सालवनाचा हिरवा गारवा अंगावर येतो आणि वाटेत तेलीण मातेच्या मंदिरापाशी वाहनचालक हात जोडतात. घाटमाथ्यापलीकडे कोंडागाव आहे, जिथले कारागीर मेणाच्या साच्यातून पितळी मूर्ती ओततात. बस्तरच्या या ढोकरा कलेला २००८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. जगदलपूरच्या पुढे इंद्रावती चित्रकोटला जवळजवळ तीस मीटर खाली कोसळते. दुसऱ्या दिशेला १९८२ मध्ये घोषित झालेले कांगेर खोऱ्याचे राष्ट्रीय उद्यान आहे.

आणि याच रस्त्याच्या दोन्ही बाजूंना आठवडी हाट भरतात. तिथे नाचणीची मंडिया पेज दुधी भोपळ्याच्या तुंब्यात थंड राहते. उन्हातून आलेल्या माणसाला ती पोटभर आधार देते. बांबूच्या कोवळ्या कोंबांचा बास्ता असतो. आंबटसर आमट असते. लाल मुंग्यांची मिरची-मीठ घालून वाटलेली चापडा चटणी पानाच्या द्रोणात मिळते. ती सर्वांना रुचेलच असे नाही, पण तिची आंबट झणझण एकदा चाखणाऱ्याला विसरता येत नाही. तिखूर नावाच्या कंदाचे सत्त्व घालून केलेली बर्फी आणि सरबत असते. मराठी घरांत उपवासाला आणि आजाऱ्याला दिली जाणारी तवकीर ती हीच. ब्राह्मणपाऱ्यातील आजीच्या फडताळात जी वस्तू पिढ्यान्‌पिढ्या आहे, तिचे माहेर पाहायला नातवंडे गेली, आणि न ओळखताच परत आली, असे दृश्य पुष्कळदा घडत असावे.

राहिला प्रश्न पेयाचा. बस्तरची सल्फी म्हणजे कोकणातल्या भेरली माडाचा रस. पहाटे उतरवलेला तो गोड असतो आणि दिवस चढेल तसा आंबत जातो. काही गावांत मुलीच्या लग्नात सल्फीचे झाड आंदण देण्याची रीत आहे; इतके त्या झाडाचे मोल. मोहाची फुले चैत्राच्या आगेमागे पहाटे वेचली जातात. ती सुकवून खातात, विकतात आणि त्यांपासून मद्यही गाळतात. गोंदिया-गडचिरोलीच्या वाचकांना हे सांगायला नको. परंतु या फुलाकडे राज्यकर्त्यांनी नेहमी संशयाने पाहिले. मुंबई इलाख्यात १८९२ मध्ये मोहफुले बाळगण्यावरच बंधने घालणारा कायदा झाला आणि ठाणे-कुलाब्याच्या जंगलातील माणूस आपल्याच झाडाखाली गुन्हेगार ठरू लागला. आदिवासींना घरगुती वापरापुरते मद्य गाळण्याची सवलत देणारे नियम पुढे आले, तरी त्याला बाजारात मानाचे स्थान मिळाले नाही.

हे बदलता येते, याचे उदाहरण गोव्यात आहे. काजूच्या फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आणि २०१६ मध्ये गोवा शासनाने तिला राज्याचे वारसा पेय म्हटले. नाशिकच्या द्राक्षमळ्यांना महाराष्ट्राच्या २००१ च्या धोरणाने बळ दिले आणि आज तिथे मुक्कामाला जाणारी मराठी कुटुंबे पुष्कळ आहेत. मध्य प्रदेशानेही २०२२ च्या धोरणात आदिवासींनी बनवलेल्या मोहाच्या मद्याला वारसा मद्याचा दर्जा देऊ केला. बस्तरची सल्फी आणि मोह यांनाही असाच शुद्धतेची हमी देणारा, गावाचे नाव राखणारा आणि पैसा फूल वेचणाऱ्या हातापर्यंत पोचवणारा नियम हवा.

या मताला एक गंभीर आक्षेप आहे आणि तो टाळून चालणार नाही. दारूने अनेक घरे बसवली आहेत. विदर्भापासून छत्तीसगडापर्यंत बायांनी पदर खोचून दारूबंदीसाठी आंदोलने केली, ती उगाच नव्हेत. राज्यघटनेच्या ४७ व्या अनुच्छेदानेही शासनाला मद्यनिषेधाची दिशा दाखवली आहे. म्हणून इथे पिण्याचा पुरस्कार नाही. मात्र चोरून गाळलेल्या, मोजमाप नसलेल्या दारूपेक्षा तपासलेली, नावाची आणि मर्यादेची वस्तू कमी घातक, हे फ्रान्सच्या अनुभवावरून दिसते. शिवाय जो पीत नाही त्याच्यासाठी मोहाचे लाडू आहेत, पहाटेचा गोड रस आहे, पेज आहे. आणि जो वाहन चालवतो त्याच्यासाठी नियम स्पष्ट आहे: फ्रान्समध्ये १०० मिलिलिटर रक्तात ५० मिलिग्रॅम मद्यार्काची मर्यादा आहे, तर भारतात ती ३० मिलिग्रॅम आहे. केशकालच्या बारा वळणांवर तर शून्य हीच मर्यादा उत्तम.

दुसरा आक्षेप भीतीचा. अनेक दशके बस्तरचे नाव माओवादी हिंसेच्या बातम्यांतच वाचले गेले. स्थानिक परिस्थितीची चौकशी करून, दिवसाउजेडी प्रवास करावा, हा सल्ला योग्यच आहे. पण भीतीमुळे जो प्रवासी थांबत नाही, तो तिथल्या माणसाचे उत्पन्नही थांबवतो. कांगेर खोऱ्यातील धुडमारास या आदिवासी गावाने नदीवर बांबूच्या तराफ्याची सफर आणि घरगुती मुक्काम यांतून वेगळी वाट काढली, आणि २०२४ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पर्यटन संघटनेने उत्तम पर्यटन गावांच्या उन्नती कार्यक्रमासाठी निवडलेल्या जगातील वीस गावांत त्याची गणना झाली.

खुद्द रायपुरातही दाखला आहे. महंत घासीदास संग्रहालयाच्या आवारात २०१६ मध्ये 'गढ कलेवा' सुरू झाले. महिला बचत गटाच्या हातचे चीला, फरा, ठेठरी, खुरमी तिथे मिळू लागले, तेव्हा हे पदार्थ घरात बनत असूनही विकत घेण्याजोगे न मानणारे शहर रांगेत उभे राहिले. पदार्थ जुनाच होता. त्याला पत्ता, स्वच्छ जागा आणि ठरलेला दर मिळाला, एवढेच.

इथे बँकेच्या खिडकीचा संबंध येतो. हाटात पेज विकणाऱ्या बाईकडे तारण नसते, पण १९९२ पासून नाबार्डने रुजवलेल्या बचत गट जोडणीने तारणाऐवजी परस्परांचा विश्वास पुढे केला. २०१५ पासून मुद्रा योजना आहे. मातीच्या घरात दोन खोल्या आणि एक स्वच्छ प्रसाधनगृह उभे करायला लागणारी रक्कम मोटारीच्या कर्जापुढे किरकोळ असते. फ्रेंच खेड्यातील रिकामे घर पाहुण्यांसाठी उघडले, त्यामागे अनुदान आणि कर्ज यांचा हात होता. कोंडागावचे घर उघडायला तोच हात लागेल. शाखेतील अधिकाऱ्याने असा अर्ज आला तर 'हा व्यवसाय कसला' असे न म्हणता, तो पाहायला एकदा तिथे जेवून यावे. याहून चांगली स्थळतपासणी नाही.

प्रवाशाचे काम त्याहून सोपे आहे. डबा जरूर न्यावा, पण एका जेवणाचा कमी न्यावा. त्या एका जेवणासाठी हाटात थांबावे, काय आहे ते विचारावे, दर घासाघीस न करता द्यावा. संवाद अडणार नाही. बस्तरच्या हल्बी भाषेत षष्ठीचा प्रत्यय 'चो' आहे. माझ्या वस्तूला तिथला माणूस 'मोचो' म्हणतो. ग्रिअर्सनने भारतीय भाषांच्या पाहणीत हल्बीचा विचार मराठीच्या खंडातच केला. भोसल्यांचा अंमल १८५४ मध्ये संपला, तरी हा 'चो' अजून नांदतो आहे. ब्राह्मणपाऱ्यातून निघालेल्या मराठी माणसाला घाटापलीकडच्या बाजारात तो ऐकू येईल. ऐकण्यासाठी मात्र मोटार थांबवून खाली उतरावे लागते, आणि तेवढ्यासाठी वाट वाकडी करायला हरकत नाही.