अकरा जणींत ती का नव्हती?

२ नोव्हेंबर २०२५ ला नवी मुंबईत हरमनप्रीतच्या संघाने विश्वचषक जिंकला, तेव्हा आमच्या गटातल्या कधी क्रिकेट न बघणाऱ्या बायकाही मध्यरात्रीपर्यंत जाग्या होत्या. पुढच्या बैठकीत पेढे वाटले गेले. तिथेच मी म्हटलं, या अंकासाठी मला २०१८ च्या उपांत्य सामन्याबद्दल लिहायचंय. "आता कशाला जुनं उकरतेस? जिंकलो ना आपण!" दोघी-तिघी एकदम म्हणाल्या. जिंकलो म्हणूनच लिहिते आहे. हरल्यावर बाईने तक्रार केली की तिला रडकी म्हणतात. आता तरी ते म्हणता येणार नाही.

ज्यांना आठवत नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. नोव्हेंबर २०१८ मध्ये वेस्ट इंडीजला महिलांची टी-ट्वेंटी विश्वचषक स्पर्धा होती. भारताने गटातले चारही सामने जिंकले. मिताली राजने पाकिस्तानविरुद्ध ५६ आणि आयर्लंडविरुद्ध ५१ धावा काढल्या. दोन्ही सामन्यांची मानकरी तीच. गुडघा दुखावल्याने ऑस्ट्रेलियाविरुद्ध ती खेळली नाही, आणि तोही सामना आपण जिंकलो. मग २२ नोव्हेंबरला अँटिग्वात इंग्लंडशी उपांत्य सामना आला. मिताली तोवर बरी झाली होती, तरी तिला बाहेर बसवलं. जिंकलेला संघ बदलायचा नाही, हे कारण. त्या दिवशी २ बाद ८९ वरून आपला डाव ११२ धावांत आटोपला. इंग्लंडने दोन गडी गमावून सहज सामना जिंकला.

मिताली टी-ट्वेंटीच्या मानाने सावकाश खेळते, असा प्रशिक्षक रमेश पोवार यांचा मुद्दा होता. तो अगदीच खोटा नव्हता. पण ज्या जिंकलेल्या संघाचा दाखला दिला, तो गयानाच्या खेळपट्टीवर जिंकलेला होता. अँटिग्वात चेंडू थांबून येत होता. अशा वेळी एक बाजू धरून ठेवणारी, वीस वर्षांचा अनुभव असलेली बाई हाताशी असताना तिला पाणी द्यायला बसवणं मला तरी शहाणपणाचं वाटलं नाही. त्या वेळी टी-ट्वेंटीत भारताकडून सर्वांत जास्त धावा तिच्या नावावर होत्या, पुरुष खेळाडू धरूनसुद्धा! तरीही मी म्हणेन की इथवरची चूक ही खेळातली चूक आहे. संघ निवडताना चुकण्याचा हक्क प्रशिक्षकाला असतोच, नाहीतर कुणी काही ठरवूच शकणार नाही.

माझं भांडण पुढच्या गोष्टीशी आहे. स्पर्धेनंतर मितालीने क्रिकेट मंडळाला पत्र लिहिलं आणि ते वर्तमानपत्रांतून बाहेर आलं. मी जवळ बसले की प्रशिक्षक उठून जातात, इतरजणी नेटमध्ये खेळताना उभे राहून पाहतात पण माझी पाळी आली की निघून जातात, बोलायला गेले तर फोनमध्ये डोकं घालतात, असं तिने लिहिलं होतं. पोवारांनी आपल्या अहवालात उलट लिहिलं की तीच फटकून वागते, सलामीला खेळवलं नाही तर निवृत्त होईन म्हणते. खरं-खोटं कोण याचा निवाडा मी इथे बसून करणार नाही. पण पत्रातलं वर्णन वाचताना आपल्यातल्या किती जणींना ऑफिसातला साहेब आठवला असेल! मारलं नाही, शिवी दिली नाही, अंगाला हात लावला नाही. नुसतं नसल्यासारखं वागवलं.

आणि मग काय झालं? ही 'बायकांची भांडणं' झाली. मिताली विरुद्ध हरमनप्रीत, सीनियर विरुद्ध ज्युनियर. टीव्हीवाल्यांनी आठवडाभर तेच दळण दळलं. ज्याच्या हातात निर्णय होता तो माणूस चित्राच्या कडेला सरकला.

आपल्या सोयीची नसलेली बाजूही इथे सांगितली पाहिजे. कर्णधार हरमनप्रीत त्या निर्णयाच्या मागे ठाम उभी राहिली. पोवारांची मुदत ३० नोव्हेंबरला संपल्यावर त्यांनाच पुन्हा आणावं, अशी पत्रं तिने आणि सांगलीच्या स्मृती मानधनाने लिहिली. मितालीने पत्रात डायना एडलजी यांच्यावरही पक्षपाताचा आरोप केला होता. एडलजी म्हणजे १९८६ साली लॉर्ड्सच्या पॅव्हेलियनमध्ये प्रवेश नाकारला गेला, तेव्हा तिथल्या क्लबला चारचौघांत पुरुषी म्हणून सुनावणारी बाई. मंडळाच्या प्रशासकीय समितीत त्या होत्या, आणि त्यांचं म्हणणं असं की विराट कोहलीचं कुंबळेंशी जमेना तेव्हा कोहलीचं ऐकलं गेलं, मग बायकांच्या कर्णधाराचं का ऐकायचं नाही? मुद्दा बिनतोड आहे, ऐकताक्षणी मीही टाळी दिली असती. पण त्यात एक गफलत आहे. कर्णधाराला पुरुष कर्णधाराइतका अधिकार मिळाला म्हणजे संघातल्या शेवटच्या मुलीला न्याय मिळाला, असं होत नाही. वरच्या खुर्चीत बाई बसली की खालच्या बाईचं आपोआप भलं होतं, हा भ्रम आपण पंचायतीत, पक्षांत, अगदी आपल्या संस्थांतही अनुभवून बसलो आहोत.

नवे प्रशिक्षक म्हणून डब्ल्यू. व्ही. रमण आले. मे २०२१ मध्ये पोवार पुन्हा आले, डिसेंबर २०२२ मध्ये पुन्हा गेले. माणसं आली-गेली. वगळलेल्या मुलीला कारण कुणी सांगायचं आणि तिने दाद कुठे मागायची, हा प्रश्न या सगळ्यात कुणी विचारलाच नाही.

मला तो का टोचतो ते सांगते. कॉलेजात मी खो-खो खेळायचे. विद्यापीठ स्पर्धेच्या आधी आमच्या सरांनी बारा जणींची यादी फळ्यावर लावली, आणि आमच्यातली सगळ्यात चपळ मुलगी तीत नव्हती. खांबावर सूर मारून गडी टिपावा तो तिनेच. आदल्या आठवड्यात तिने प्रवासभत्त्याचे पैसे कुठे गेले असं विचारलं होतं. सर काही बोलले नाहीत, तिनेही विचारलं नाही. आणि आम्ही बाराजणी? आम्हाला सर्टिफिकेट हवं होतं. त्यावर वाढीव गुण होते, पुढे नोकरीतही ते चालेल असं घरचे म्हणत. मी तर मान खाली घालून बुटाची नाडी बांधत राहिले. पहिल्याच फेरीत हरून आलो. तिच्या घरच्यांनी "यादीत नाव नाही ना, मग कशाला जायचं मैदानावर?" म्हणून खेळ बंद केला. पुरुष खेळाडूला वगळलं तर तो पुढच्या मोसमाची वाट पाहतो. आपल्याकडे मुलीला वगळलं की घरातली सगळी माणसं त्याच निमित्ताची वाट पाहत असतात.

यादी करण्याची ही सत्ता किती दूर जाते, तेही पाहू. जून २०२२ मध्ये स्लोव्हेनियातल्या सराव शिबिरात एका भारतीय सायकलपटूने मुख्य प्रशिक्षकाच्या गैरवर्तनाची तक्रार केली. पथकात एकही स्त्री प्रशिक्षक नव्हती. क्रीडा प्राधिकरणाने पथक परत बोलावलं, प्रशिक्षकाचा करार रद्द केला आणि मुली असतील त्या पथकात स्त्री प्रशिक्षक हवीच, असा आदेश काढला. चांगलं झालं. पण तिने तक्रार केल्यावर! खोलीत बोलावणारा आणि यादीतून नाव काढणारा हात एकच असतो, हे मुलींना पक्कं ठाऊक असतं. म्हणून त्या दोन्ही गोष्टींबद्दल गप्प बसतात.

कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात मैदानं, क्रीडासंकुलं, स्पर्धेच्या जागा स्पष्ट लिहिलेल्या आहेत. आपल्यातल्या कार्यकर्त्याही हे विसरतात. आणि क्रीडा महासंघांचं काय विचारता! कुस्तीगीर मुली दिल्लीत रस्त्यावर बसल्या होत्या त्या मे २०२३ मध्ये राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाला तक्रार समित्या नाहीत किंवा धड नाहीत म्हणून क्रिकेट मंडळासह अनेक महासंघांना नोटिसा काढाव्या लागल्या.

मितालीचं प्रकरण मात्र या कायद्यात बसत नाही, बसवूही नये. प्रत्येक अपमानाला लैंगिक छळ म्हटलं तर आपलाच कायदा पातळ होईल. तिला हवी होती ती साधी गोष्ट: समोर बसवून सांगितलेलं कारण, आणि ते पटलं नाही तर प्रशिक्षकाखेरीज दुसरं कुणीतरी ऐकणारं.

२०२५ च्या स्पर्धेतही वगळण्याची चूक झालीच. इंदूरला इंग्लंडविरुद्ध सहावी गोलंदाज हवी म्हणून जेमिमा रॉड्रिग्जला बाहेर ठेवलं आणि चार धावांनी हरलो. पण कारण उघड होतं, सगळ्यांना कळलेलं होतं, आणि पुढच्याच सामन्यात ती परत आली. ३० ऑक्टोबरला ऑस्ट्रेलियाच्या ३३८ धावांचा पाठलाग करताना तिने नाबाद १२७ केल्या. त्यानंतर त्या दिवसांतलं आपलं रडणं, आपली घालमेल ती कॅमेऱ्यासमोर बोलली. तिला ते बोलता आलं, संघाने ते ऐकून घेतलं. प्रशिक्षक अमोल मुजुमदारही मुंबईचे पुरुषच आहेत, तेव्हा सगळा दोष पुरुष प्रशिक्षकांवर ढकलून मोकळं होता येणार नाही.

आपल्या गटांनी क्रीडांगण हे कधी आपलं क्षेत्र मानलं नाही. दारू, हुंडा, रेशन, पाणी यांतून सवड मिळाली नाही हे खरंच आहे. या हिवाळ्यात आम्ही जिल्ह्यातल्या तीन महाविद्यालयांत जाणार आहोत. मुलींचा संघ कोण निवडतं, निवड समितीत एक तरी बाई आहे का, वगळलेल्या मुलीला कारण लेखी मिळतं का, प्रवासात सोबत कोण असतं, भत्ता कुणाच्या हातात देतात, असे पाच प्रश्न घेऊन. खेळाच्या सरांना आणि मुलींना वेगवेगळं बसवून विचारायचं ठरलं आहे. इतर गटांना प्रश्नावली हवी असेल तर संपादक मंडळाकडे कळवावं, प्रत पाठवू. जानेवारीत विद्यापीठ स्पर्धांच्या याद्या लागायच्या आत पहिली फेरी पुरी करायची आहे.