शिडीच्या खालच्या पायऱ्या

भातकापणी आटोपली की मार्गासनीच्या खाचरांत मुलांचे क्रिकेट रंगते. प्रत्येकाची दृष्टी भारतीय संघाकडे लागलेली असते. या मुलांनी, आणि त्यांच्या पालकांनीही, अमोल मुझुमदार यांची कारकीर्द अभ्यासावी. १९९४ साली रणजी पदार्पणातच २६० धावा, पुढे प्रथम श्रेणीत ११,१६७ धावा व ३० शतके. तरीही भारताकडून एकही सामना त्यांच्या वाट्यास आला नाही. २०२५ साली महिला संघाने विश्वचषक जिंकला तेव्हा प्रशिक्षक मात्र तेच होते. गुणवंत कितीही वाढले तरी संघात जागा अकराच. म्हणूनच तालुका-जिल्हा पातळीवरील खेळाडूस मैदान, मार्गदर्शन आणि उपजीविका देणे हे समाजाचे कर्तव्य ठरते. खालच्या पायऱ्याच मोडक्या असतील, तर शिडीच्या उंचीचे कौतुक कशाला?