हनुवटीवरचा बंदोबस्त



22 मार्च 2024 रोजी मॉस्कोजवळच्या क्रोकस सभागृहात गाणी ऐकायला आलेली 140हून अधिक माणसं मारली गेली. गोळ्या झाडल्याचा आरोप असलेले चौघे ताजिकिस्तानचे. त्या कृत्याबद्दल तुमच्या-आमच्यात दुमत नाही. त्यावर शाई घालवत नाही. तीन महिन्यांनी ताजिकिस्तानने 'परक्या' कपड्यांवर बंदीचा कायदा केला. रोख हिजाबवर, फक्त नाव न घेता. सामान्य माणसाला दंड 7,920 सोमोनी. ईदीसाठी घरोघर हिंडणाऱ्या पोरांनाही मनाई! (क्रोकसमध्ये ईदीच मागायला आले होते बहुधा.)

आणि आपल्याकडे या बातमीवर टाळ्या पडल्या. "मुसलमानांचा देश असून करून दाखवलं!" काय करून दाखवलं, ते बघू.

1991 मध्ये हा देश स्वतंत्र झाला आणि वर्षाच्या आत यादवीत पडला. एकीकडे जुने कम्युनिस्ट, दुसरीकडे इस्लामी गट आणि लोकशाहीवाले यांची मोट. पाच वर्षं रक्त सांडल्यावर 1997 मध्ये करार झाला: सरकारातली 30 टक्के पदं विरोधकांना. इस्लामी पुनर्जागरण पक्षाच्या लोकांनी बंदुका खाली ठेवल्या, निवडणुका लढवल्या, संसदेत बसले. इस्लामी बंडखोर बाकावर बसून भाषणं करू लागला, हे त्या टापूत दुसरीकडे कुठे घडलं? वस्तरा न लावता घडलं. 2015 मध्ये सरकारने त्याच पक्षाला दहशतवादी ठरवून नेते तुरुंगात घातले.

मग उरली हजामत. खातलोन प्रांताच्या पोलिसांनी जानेवारी 2016 मध्ये छाती फुगवून सांगितलं, की वर्षभरात जवळपास 13,000 पुरुषांच्या दाढ्या उतरवल्या. ठाण्याचं सलून झालं. आणि 2015 मध्येच विशेष पोलीस दलाचा प्रमुख, खुद्द कर्नल, इस्लामिक स्टेटला जाऊन मिळाला! कारण त्यानेच कॅमेऱ्यासमोर सांगितलं: नमाज आणि पोशाखावरची बंधनं. बंदोबस्त करणाराच पळाला. आता वस्तरा कुणाला लावणार?

शेजारच्या उझबेकिस्तानात तरी काय वेगळं झालं? नमनगानचे इस्लामी तरुण 1992 मध्ये सरकारने चिरडले. त्यांचे पुढारी ताजिक यादवीत जाऊन लढाई शिकले आणि 1999 मध्ये सशस्त्र टोळ्या घेऊन किर्गिझस्तानच्या डोंगरात उतरले.

"म्हणजे यांना मोकळं सोडायचं?" हा प्रश्न ऐकून कान किटले. बंदूकवाल्याला पकडा, शिक्षा करा, कोण नको म्हणतं? पण जो हवालदार दाढ्या मोजतोय तो तेवढा वेळ बंदूक शोधत नाही, हे तिसरीतल्या पोरालाही कळेल. "तुम्ही मुल्लांचे वकील!" अहो, बाईने काय नेसावं हे मौलवीने ठरवू नये, म्हणूनच ते हवालदारानेही ठरवू नये.

2011च्या कायद्याने ताजिकिस्तानातल्या अठराच्या आतल्या मुलाला मशिदीची दारं बंद आहेत. मात्र 2022 मध्ये परदेशातल्या मजुरांनी घरी धाडलेला पैसा देशाच्या उत्पन्नाच्या जवळजवळ निम्म्याइतका होता, म्हणून अठरा सरली की मॉस्कोच्या तिकिटाला कुणी अडवत नाही. तिथे दहा जणांच्या खोलीत, रात्रपाळीहून परतल्यावर, त्याला मोबाइलवर धर्म शिकवणारा भेटतो. त्याच्या हनुवटीपर्यंत राजधानी दुशान्बेचा वस्तरा पोचत नाही.