आगी मोजू नका, शेत मोजा. आणि शेतकऱ्याला आधी पैसे द्या

‘पराली जाळण्याच्या घटनांत नव्वद टक्के घट’ अशी बातमी 2025 च्या हंगामाअखेरीस आपण सर्वांनी वाचली. आकडा खोटा नाही. 15 सप्टेंबर ते 30 नोव्हेंबर या अडीच महिन्यांत पंजाबात 2020 साली 83,002 आगी नोंदल्या गेल्या होत्या. 2022 मध्ये ती संख्या 49,922 झाली, 2023 मध्ये 36,663, 2024 मध्ये 10,909 आणि 2025 मध्ये 5,114. नोंद खरी आहे, तिच्यावरून काढलेला निष्कर्ष मात्र खरा नाही. आणि त्या निष्कर्षाच्या आधारावर आज सरकार स्वतःची पाठ थोपटून घेत आहे व शेतकऱ्याला दंड ठोठावत आहे, म्हणून हा प्रपंच.

पराली म्हणजे भाताची यंत्राने कापणी झाल्यावर शेतात उभे राहणारे खुंट आणि विखुरलेला पेंढा. तो जाळला जातो की नाही, हे सरकार उपग्रहावरून ठरवते. हे मोजमाप कसे होते ते समजून घेतले, तर बातमीतली गोम लक्षात येते.

प्रत्येक तापलेली वस्तू प्रारण सोडते. सामान्य जमिनीचे तापमान 300 केल्विनच्या आसपास असते. तिचे प्रारण 10 मायक्रोमीटर तरंगलांबीजवळ सर्वाधिक असते. पेंढ्याची आग 800 ते 1000 केल्विनपर्यंत जाते, तेव्हा हे शिखर 3 ते 4 मायक्रोमीटरकडे सरकते. उपग्रहावरील संवेदक नेमक्या याच पट्ट्यात पाहतो आणि भोवतालापेक्षा ठळकपणे तेजस्वी दिसणाऱ्या चौकटीला ‘आग’ म्हणून नोंदवतो. तत्त्व निर्दोष आहे. अडचण वेळेची आहे. ज्या ध्रुवीय कक्षेतील उपग्रहांवर ही मोजणी प्रामुख्याने उभी आहे, ते दिवसा आपल्यावरून दुपारी दीडच्या सुमारास जातात. भाताच्या शेतातली आग अर्ध्या-पाऊण तासात विझते. पाच वाजता लावलेली आग या उपग्रहांच्या लेखी लागलेलीच नसते.

शेतकऱ्यांना हे कळायला पीएचडी लागत नाही. नासाचे शास्त्रज्ञ हिरेन जेठवा यांनी 2024 मध्ये दक्षिण कोरियाच्या भूस्थिर उपग्रहाच्या चित्रांवरून दाखवून दिले की, दुपारचे निरीक्षण आटोपल्यानंतर पंजाबच्या आकाशात धूर दाटू लागतो. भूस्थिर उपग्रह एकाच जागेवरून दर काही मिनिटांनी चित्र घेतो, त्यामुळे त्याच्यापासून संध्याकाळ लपत नाही. ‘आयफॉरेस्ट’ या संस्थेच्या 2025 च्या अहवालाने तर असे म्हटले आहे की, पंजाबातील मोठ्या आगींपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक आगी आता दुपारी तीननंतर लागतात; 2021 मध्ये हे प्रमाण नगण्य होते. त्याच अहवालानुसार जळालेले क्षेत्रही कमी झाले आहे, पण ते सुमारे चतुर्थांश ते एक तृतीयांशाने. ही घट खरी आणि स्वागतार्ह आहे. परंतु एक तृतीयांश आणि नव्वद टक्के यांतली तफावत म्हणजे धोरणाने स्वतःची करून घेतलेली फसवणूक होय.

मोजमाप हेच शिक्षेचे साधन झाले की, ज्याचे मोजमाप होते तो आपले वागणे मोजपट्टीपुरते बदलतो. यात शेतकऱ्याची लबाडी शोधण्यात अर्थ नाही. ‘जाळू नकोस’ असे आपण त्याला सांगतच नव्हतो, ‘दीड वाजता जाळू नकोस’ असे सांगत होतो. त्याने ते ऐकले.

आता शिक्षेकडे वळू. नोव्हेंबर 2024 मध्ये केंद्राने दंड दुप्पट केला: दोन एकरांच्या आतील शेतकऱ्याला 5,000 रुपये, दोन ते पाच एकरांसाठी 10,000 आणि त्यावर 30,000. हरियाणाने पराली जाळणाऱ्यांच्या जमिनीच्या नोंदीवर लाल शेरा मारून त्यांना दोन हंगाम मंडईत माल विकण्यास मनाई करण्याचा आदेश काढला. सप्टेंबर 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयात सरन्यायाधीशांनी विचारले की, काही जणांना तुरुंगात का टाकत नाही, म्हणजे योग्य तो संदेश जाईल. दिल्लीत राहणाऱ्या माणसाला हा प्रश्न मोहात पाडतो, हे मी नाकारत नाही. आमच्या आर. के. पुरममध्ये हवेची गुणवत्ता मोजणारे सरकारी केंद्र आहे, आणि नोव्हेंबरात त्याचे आकडे पाहून शेजारीपाजारी ज्या भाषेत शेतकऱ्याचा उद्धार करतात ती येथे लिहिण्याजोगी नाही. परंतु संताप हे धोरण नव्हे.

शेतकरी जाळतो ते का? भाताची कापणी आणि गव्हाची पेरणी यांच्यात त्याच्या हाती जेमतेम तीन आठवडे असतात. एकरी दोन-अडीच टन पेंढा त्या मुदतीत हलवायचा किंवा मातीत मिसळायचा असतो. ही मुदत इतकी आखूड होण्यास सरकारचाही हातभार लागला. भूजल वाचवण्यासाठी पंजाबने 2009 साली कायदा करून 10 जूनपूर्वी भाताची लावणी करण्यास बंदी घातली. हेतू उत्तम होता, पण लावणी पुढे गेली तशी कापणीही पुढे गेली, आणि ती नेमकी अशा दिवसांत येऊन ठेपली जेव्हा वारा मंदावतो व थंड हवेचा थर धूर जमिनीलगत दाबून धरतो. त्याआधीची कहाणीही सरकारचीच आहे. अर्धवट कोरड्या पंजाबात भात हे मुख्य पीक झाले ते हमीभावाने होणारी खात्रीची खरेदी, फुकट वीज आणि स्वस्त युरिया यांच्या बळावर. देशाला धान्य हवे होते, तेव्हा आपण शेतकऱ्याला भात लावण्याचे पैसे दिले. आज देशाला स्वच्छ हवा हवी आहे, तर तिचेही पैसे द्यायला हवेत. हवा हेही शेतातून निघणारे उत्पादन आहे, एवढे मान्य केले की पुढचा हिशेब सोपा होतो.

‘सरकार देतेच आहे की,’ असे कोणी म्हणेल. 2018 पासून पीक अवशेष व्यवस्थापनाच्या योजनेखाली केंद्राने साडेतीन हजार कोटींहून अधिक रुपये राज्यांना दिले आणि तीन लाखांहून अधिक यंत्रे वाटली गेली. परंतु हे अनुदान यंत्राच्या खरेदीसाठी आहे, शेत न जाळण्यासाठी नाही. वैयक्तिक शेतकऱ्याला किमतीच्या निम्मी आणि भाड्याने यंत्रे देणाऱ्या केंद्रांना ऐंशी टक्के सवलत मिळते. हॅपी सीडर हे पेंढ्यातूनच गहू पेरणारे यंत्र चांगले आहे, यात शंका नाही. पण ते वर्षातून तीन आठवडे चालते, त्याला दणकट ट्रॅक्टर लागतो, डिझेल लागते, आणि तीन एकरवाल्याला ते भाड्याने घ्यायचे तर रांगेत थांबावे लागते. काडेपेटी दोन रुपयांत मिळते. यंत्र गावात असणे आणि ते आपल्या शेतात चालवणे परवडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अनुदानाने पहिली साधली, दुसरी शेतकऱ्याच्या खिशावर सोडली.

थेट मोबदल्याचा प्रयोग आपल्याकडे झालाच नाही असे नाही. 6 नोव्हेंबर 2019 रोजी सर्वोच्च न्यायालयाने पंजाब, हरियाणा आणि उत्तर प्रदेशातील ज्या लहान शेतकऱ्यांनी पराली जाळली नाही त्यांना क्विंटलमागे 100 रुपये द्यावेत, असा आदेश दिला. निम्मा हंगाम तोवर उलटला होता. घाईघाईत अर्ज आले, खोट्या दाव्यांच्या तक्रारी झाल्या आणि योजना बारगळली. 2022 मध्ये पंजाबने एकरी 2,500 रुपयांचा प्रस्ताव मांडला: 1,500 केंद्राचे, 500 पंजाबचे, 500 दिल्लीचे. केंद्राने तो फेटाळला. हरियाणा आज एकरी 1,200 रुपये देते, ही त्यातल्या त्यात जमेची बाजू.

पण पैसे देणे पुरेसे नाही, ते केव्हा द्यायचे यावर सारे अवलंबून आहे. याचा पुरावा पंजाबातच मिळाला आहे. केल्सी जॅक, सीमा जयचंद्रन, नम्रता काला आणि रोहिणी पांडे या अर्थशास्त्रज्ञांनी 2019 च्या हंगामात 171 गावांत चिठ्ठ्या टाकाव्यात तशी यादृच्छिक विभागणी करून एक चाचणी घेतली. काही गावांतील शेतकऱ्यांना नेहमीचा करार दिला: जाळू नका, पाहणी होईल, मग पैसे मिळतील. इतरांना मोबदल्यातील काही भाग आधीच, विनाअट दिला आणि उरलेला पाहणीनंतर. नेहमीच्या कराराने आगी कमी झाल्या नाहीत. पैसे गेले ते मुख्यतः एरवीही न जाळणाऱ्यांना. काही रक्कम आधी दिलेल्या गावांत करार पाळणाऱ्यांचे प्रमाण 8 ते 12 टक्के-अंकांनी जास्त होते, आणि उपग्रहाच्या चित्रांतही जळालेली शेते कमी दिसली. लक्षात घ्या, या शेतकऱ्यांना न जाळण्याबद्दल नंतर मिळणारे बक्षीस उलट कमी होते. तरीही त्यांनी करार अधिक पाळला.

यात चमत्कार काही नाही. यंत्राचे भाडे ऑक्टोबरात रोख द्यावे लागते, सरकारी पैसा येतो मार्चमध्ये, आला तर. ज्याच्या हाती तेव्हा रोकड नाही, त्याला मार्चच्या वचनाचा उपयोग नाही. दुसरे कारण त्याहून जुने आहे: सरकार पैसे देईल यावर त्याचा विश्वास नाही, आणि तो नसण्याला कारणे आहेत. आगाऊ रक्कम हा त्या अविश्वासावरचा उतारा आहे.

आता मोजणीचा प्रश्न. आगाऊ दिलेल्या पैशांचा हिशेब मागायचा, तर आगींच्या यादीने तो लागणार नाही. त्या यादीतील सर्वांत बारीक चौकट 375 मीटरची आहे. म्हणजे सुमारे 14 हेक्टर, 35 एकर. एवढ्या जागेत दहा जणांची शेते असू शकतात. कोणाचे जळले हे त्यावरून सांगता येत नाही. परंतु आग विझली तरी शेताचा काळवंडलेला रंग अनेक दिवस राहतो. युरोपचा सेंटिनेल-2 उपग्रह 10 ते 20 मीटरची चित्रे साधारण पाच दिवसांनी देतो आणि ती जगाला फुकट उपलब्ध आहेत. जळलेली जमीन लघुतरंग अवरक्त पट्ट्यात पेंढ्याने झाकलेल्या जमिनीहून स्पष्टपणे वेगळी दिसते. गटाचा नकाशा त्यावर ठेवा, आधीचे व नंतरचे चित्र ताडून पाहा, शंकास्पद शेतांत माणूस पाठवा. आग कोणत्या मिनिटाला लागली हे मग विचारावेच लागत नाही. चूक याही पद्धतीत होईल: ढग येतील, नांगरटीने खुणा पुसतील. म्हणून शेतकऱ्याला आक्षेप नोंदवण्याची सोय हवी. पण ही चूक मोजता येण्याजोगी आहे. दीड वाजताची चूक आपण यश म्हणून छापतो.

खर्च? पंजाबातील भाताखालचे क्षेत्र ढोबळमानाने तीस लाख हेक्टर, म्हणजे पंचाहत्तर लाख एकर धरू. एकरी 2,500 रुपयांनी वर्षाला 1,875 कोटी होतात. केंद्राचे वार्षिक खत अनुदान दीड लाख कोटींहून अधिक आहे. त्याच्या तुलनेत ही रक्कम सव्वा टक्कादेखील भरत नाही.

सर्वांत गंभीर आक्षेप नैतिक आहे: प्रदूषण न करण्याचे पैसे का द्यायचे? उद्या कारखानदारही मागेल. फरक असा की, कारखानदार प्रदूषणाचा खर्च मालाच्या किमतीत घालू शकतो. हमीभावावर विकणारा शेतकरी आपली किंमत ठरवत नाही. शिवाय हा मोबदला गुन्हा थांबवण्याचा हप्ता नसून पेंढा हाताळण्याच्या श्रमाचे मोल आहे. म्हणून तो कधीही न जाळणाऱ्यालाही मिळाला पाहिजे, नाहीतर आपण जाळण्याचा इतिहास असणे हीच पात्रता करून ठेवू. तत्त्व तर सरकारने मान्य केलेलेच आहे: हरियाणा 2020 पासून भाताऐवजी दुसरे पीक घेणाऱ्याला एकरी 7,000 रुपये देऊ लागले, ते पाणी वाचावे म्हणून.

जगातही हे नवे नाही. 1935 च्या वसंतात अमेरिकेच्या मैदानी प्रदेशातील मातीचे ढग थेट वॉशिंग्टनवर येऊन ठेपले. राजधानीच्या डोळ्यांत धूळ गेल्यावर संसदेने त्याच एप्रिलमध्ये मृदसंधारणाचा कायदा केला आणि 1936 च्या कायद्याने माती राखणारी पिके घेणाऱ्या शेतकऱ्यांना पैसे देणे सुरू झाले. त्या देशाची कृषिनीती निर्दोष नाही. पण धूळ आली तेव्हा तिने शेतकऱ्याला आधी आरोपी केले नाही.

दिल्लीकरांनी हेही मान्य करावे की, पराली हा वर्षातील काही आठवड्यांचा प्रश्न आहे. पुण्याच्या आयआयटीएमच्या प्रणालीने काढलेला तिचा वाटा मोजक्या दिवशी एक तृतीयांशाच्या आसपास जातो आणि इतर दिवशी दोन-चार टक्क्यांवर येतो. उरलेले विष आमच्या मोटारींचे, बांधकामांचे, कचऱ्याच्या शेकोट्यांचे व भोवतीच्या कारखान्यांचे आहे. शेतकऱ्याला पैसे देऊन ते नाहीसे होणार नाही. आणि महाराष्ट्रातील वाचकांनी हा उत्तरेचा तमाशा म्हणून पाहू नये. ऊस तुटल्यावर कोल्हापूर-सांगलीकडे पाचट पेटते, तेव्हा तीच घाई, तीच मजुरांची टंचाई आणि जमिनीच्या सेंद्रिय कर्बाची तीच राख असते. पाचट कुजवण्याची व्याख्याने शेतकऱ्याने भरपूर ऐकली आहेत. त्याच्या मजुरीचे पैसे कोणी देत नाही.

तेव्हा मागणी तीन ओळींची आहे. सरकारने आगींची संख्या यशाचा निकष म्हणून छापणे थांबवून दर हंगामाचे जळालेले क्षेत्र जाहीर करावे. एकरी मोबदला कायम करून त्याचा निदान एक तृतीयांश भाग सप्टेंबरअखेर, कापणीपूर्वी, शेतकऱ्याच्या खात्यात भरावा. आणि दंड व लाल शेरे, निदान पाच एकरांखालील शेतकऱ्यांसाठी, हा पैसा पोहोचेपर्यंत स्थगित ठेवावेत. पुढची कापणी ऑक्टोबरात आहे. अर्थसंकल्पात तरतूद करायला वेळ आहे, सप्टेंबरात न्यायालयात प्रतिज्ञापत्रे लिहीत बसलो तर तो उरणार नाही.